दुसरा शनिवार

आडनाव झोपे, आणि रात्रभर डोळ्याला डोळा नाही,
असं तीच सांगायची आणि तीच हसायची.
सावद्याची द्वारकाबाई.
मुलगा तीन नंबरच्या मशीनवर, माझे हे पाच नंबरला.
मंगळवार, शनिवार. सातची पाळी.
जळगावच्या त्या दवाखान्यात जिन्याखाली
एक बाकडं, तीन पाय सरकारी
आणि चौथ्याला विटेचा तुकडा.
त्याच्यावर आम्ही वर्षभर बसलो.

सुरुवातीला बोलणं म्हणजे नुसते आकडे.
क्रिएटिनिन किती, वजन किती उतरलं,
धरणगावहून पहिली बस मिळाली का.
मग कधीतरी तिनं डबा उघडला,
कळण्याची भाकरी, ठेचा,
आणि न विचारता अर्धी माझ्या हातावर ठेवली.
मी रडले नाही. ठेचा तिखट होता, एवढंच.

मे महिन्यात जळगाव कसं असतं
ते जळगाववाल्याला सांगू नये.
हापशाची दांडी धरवत नाही,
कुत्री गटारात पोट टेकून पडतात.
ह्यांना दिवसाला मोजून तीन पेले पाणी
(डॉक्टरांनी पेलाही दाखवला होता,
चहाचा म्हणावा इतका लहान).
उरलेली तहान बर्फाच्या खड्यावर,
खडा विरघळला की जीभ गालात फिरवत राहायचे.
मी त्यांच्यासमोर पाणी प्यायचं सोडलं.
मग त्यांच्यामागेही.
कुणाला सांगितलं नव्हतं.

द्वारकाबाईनं माझे ओठ बघितले.
दंडाला धरून लिंबाच्या पलीकडे,
स्कूटरी लावतात तिथे नेलं.
पिशवीतून बाटली काढली,
ओल्या गोणपाटात शिवलेली, टाके हातचे, वेडेवाकडे.
"पी."
मी मान हलवली.
"पी व माय. तू कोरडी राह्यली तं त्याची तहान भागते का?"
"तसं नाही हो..."
"मले नको शिकवू. मी दोन महिने केलं हे.
भोवळ येऊन पडली पायरीवर,
अन् पोरगं मशीनवरून मलेच हाका मारे."
मी प्यायले. घटाघटा, चारचौघांत पिऊ नये तसं.
ती रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली,
शेतात एकीनं दुसरीला आडोसा धरावा तशी.

पुढे ते ठरूनच गेलं.
साडेनऊला ती उठायची, मागून मी.
मैत्रीण म्हणावं, तर तिच्या घराचा रंग मला माहीत नाही.
बहीण म्हणावं, तर बहीण माझी सख्खी आहे, सुरतला,
फोन करते, आणि रडते, आणि मलाच तिची समजूत घालावी लागते.

पोळ्याच्या आधीच्या मंगळवारी
तीन नंबरवर दुसराच माणूस दिसला.
नर्सनं माझ्याकडे बघितलं
आणि चिकटपट्टी कापत राहिली.
मी बाकावर येऊन बसले. वीट सरकली होती.
एकटीच्या वजनानं बाकडं चार तास डुगडुगलं.
पाणी प्यायले का, आठवत नाही.

मग भाद्रपदात, एका शनिवारी,
ती जिन्यापाशी उभी. तीच पिशवी, हलकी.
म्हणाली, "त्याचा दाखला घ्याचा होता. म्हणून आली."
महिन्यातला दुसरा शनिवार. खिडकी बंद असते.
ते तिला माहीत होतं.
मलाही.
"सोमवारी मिळेल," मी म्हटलं.
"हो ना. सोमवारी."
आणि बसली, आपल्याच बाजूला,
पायानं वीट नीट सारून.

साडेनऊ वाजले. ती उठली नाही.
मी उठले. दंडाला धरलं.
स्कूटरींच्या मधे आता गुडघाभर गवत.
बाटली माझी, साधी प्लास्टिकची, पाणी कोमट.
तिनं मान मागे टाकून वरून धार धरली,
अर्धी तोंडात, अर्धी गळ्यावरून पदरात.
पुसलं नाही.
मी रस्त्याकडे तोंड करून उभी राहिले.